न उठलेली पंगत

डोंबिवली (पूर्व),
५ मे १९९१

चि. उत्तम यास, श्रीपादचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाचीने, हेमाने, अमेरिकेहून पाठवलेले प्राणवायूचे यंत्र काल सुखरूप घरी पोहोचले. तिथल्या एका रुग्णालयाने मोडीत काढलेले असले तरी ते सुस्थितीत आहे. तिकडची वीज आपल्यापेक्षा कमी दाबाची असल्यामुळे मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला. आकार लहानशा कपाटाएवढा आहे. खाली चाके आहेत आणि पुढे काचेच्या उभ्या नळीत एक गोळी आहे. यंत्र सुरू केले की ही गोळी हवेवर तरंगते. डॉक्टरांच्या सूचनेनुसार मी ती दोनच्या रेघेवर ठेवली आहे आणि रोज किमान पंधरा तास नाकाला नळी लावायची आहे. तरुणपणीच्या क्षयाने तुझ्या अक्काची फुप्फुसे इतकी आकसली आहेत की साध्या हवेवर तिचे भागत नाही, हे तू जाणतोसच.

आवाज मात्र मोठा आहे. शेजारच्या केशरबाई दारातूनच म्हणाल्या, "काय हो मालनवहिनी, तिसऱ्या मजल्यावर म्हैस आणून बांधलीत का? रवंथ ऐकू येतोय!" मालन पुष्कळ दिवसांनी हसली आणि हसल्यामुळे खोकली.

यंत्रासोबत माहितीची पुस्तिका आलेली नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जी वस्तू मला समजत नाही तिच्यावर मी विसंबू शकत नाही, हा माझा स्वभाव तू जाणतोस. आत टाकी नाही, सिलिंडर नाही. मग प्राणवायू येतो कुठून? तू महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतोस, तेव्हा हे तूच समजावून सांग. खालच्या औषधाच्या दुकानात फोन आहे, पण फोनवर बोलताना मालनला दम लागतो, आणि मला अशी गोष्ट कागदावर असलेली बरी वाटते.

तुझा,
श्रीपाद


ठाणे,
११ मे १९९१

ती. दाजी यांस, उत्तमचा सा. न.

प्राणवायू खोलीतल्या हवेतूनच येतो. हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू असतो आणि बाकीचा बहुतेक नायट्रोजन. यंत्राच्या पोटात दोन नळकांडी आहेत आणि त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे आहेत. या दाण्यांच्या पृष्ठभागावर वायूचे कण येऊन चिकटतात. त्याला आम्ही अधिशोषण म्हणतो. पाणी मातीत मुरते तसे हे मुरणे नव्हे, हे नुसते येऊन बसणे आहे.

कल्पना करा की लग्नाची पंगत आहे. दाराशी गर्दी थोडी असते तेव्हा येईल त्याला पाट मिळतो. गर्दी दुप्पट झाली की बसणारेही दुप्पट होतात. पण पाट भरत आले की गर्दी कितीही वाढली तरी थोडेच नवे बसतात, आणि शेवटी कोणीच नाही. वायूचा दाब म्हणजे दाराशी असलेली गर्दी. दाबाबरोबर दाण्यांवर बसणारा वायू आधी झपाट्याने वाढतो, मग त्याची वाढ मंदावते आणि अखेर थांबते. यंत्र हवा दाबून आत सोडते तेव्हा नायट्रोजन पाटावर बसतो. प्राणवायूला त्या पाटांची तेवढी ओढ नसते, तो पुढे निघून अक्काच्या नळीत येतो.

आता दाब सोडला की बसलेला नायट्रोजन उठून जातो आणि पाट पुन्हा रिकामे होतात. एक नळकांडे कामावर असते तेव्हा दुसरे विश्रांती घेते. ही विश्रांती म्हणजे या यंत्राचा प्राण. भरलेली पंगत उठू दिली नाही तर पुढची बसणार कशी?

अक्काला सांगा, सुट्टी लागली की येतो. म्हशीला वैरण घेऊन येतो, असे सांगा.

आपला,
उत्तम


डोंबिवली (पूर्व),
२८ जुलै १९९१

चि. उत्तम यास, अनेक आशीर्वाद.

तुझे मे महिन्यातले स्पष्टीकरण मला पूर्णपणे पटले होते. अर्थशास्त्रातला घटत्या उपयोगितेचा नियम याहून निराळा नाही. यंत्राने दोन महिने उत्तम काम दिले. मालन स्वयंपाकघरापर्यंत स्वतः चालत जाऊ लागली होती.

परंतु गेल्या आठवड्यात तिला ताप भरला. न्यूमोनिया झाला असून तिला कल्याणच्या रुग्णालयात ठेवले आहे. तिथे सिलिंडरचा प्राणवायू मिळतो. तापाच्या भरात ती तुझे नाव घेते. एकदा मला म्हणाली, "उत्तमला जेवायला वाढलं का?" किती दिवस लागतील ते डॉक्टर सांगत नाहीत.

घरी यंत्र बंद आहे, पण ते मी नुसते टाकून दिलेले नाही. अल्प विश्रांतीने दाणे मोकळे होत असतील तर दीर्घ विश्रांतीने ते पूर्णपणे मोकळे होतील, हा तर्क उघड आहे. म्हणून हवा आत जाण्याच्या तोंडावरचा स्पंज काढून यंत्र गॅलरीच्या खिडकीशी ठेवले आहे. पावसाचा थेंब लागणार नाही, परंतु वारा मात्र खेळता राहील. मालन परतेल तेव्हा ते नव्यासारखे असेल.

तुझा,
श्रीपाद


ठाणे,
६ ऑगस्ट १९९१

ती. दाजी, सा. न.

हे पत्र पडून लिहितो आहे. महाविद्यालयाच्या जिन्यावरून घसरलो आणि मांडीचे हाड मोडले. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर आहे, दिवाळीपर्यंत उठायचे नाही. अक्काला हे कळवू नका.

आपले पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा तिच्या तापापाशीच थांबलो. ती माझे ताट विचारते, आणि मी कल्याणपर्यंतसुद्धा येऊ शकत नाही. तिची प्रकृती रोज एका ओळीने तरी कळवत राहा.

आपला,
उत्तम


डोंबिवली,
२४ सप्टेंबर १९९१

चि. उत्तमला अक्काचा आशीर्वाद.

तुझं हाड मोडल्याचं मला कळलं रे. लपवतोस काय? लहानपणी आंब्यावरून पडलास तेव्हाही आईला असंच सांगितलंस, पाय आपोआप सुजला म्हणून.

मी गणपतीत घरी आले. हे पत्र तीन बैठकींत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. दोन ओळी झाल्या की उशीवर पाठ टेकावी लागते. तुझे दाजी बाजारात गेले की लिहिते, ते आले की उशीखाली सरकवते. केशरबाई पोस्टात टाकणार आहेत. त्यांना म्हटलं, माहेरच्या चहाड्या आहेत, वाचू नका. त्या म्हणाल्या, "चहाड्या असतील तर आधी वाचणार."

तुला एकच सांगायचंय आणि तू ते कोणाला सांगायचं नाहीस. ही म्हैस आता दूध देत नाही. उन्हाळ्यात नळी लावली की पाच मिनिटांत डोकं हलकं व्हायचं, नखं गुलाबी दिसायची. आता नळी लावली काय आणि खिडकीत बसले काय, सारखंच. घरी आले त्याच दिवशी कळलं मला. पायाला सूज आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं थकली. असेल तसंही.

पण यांना कसं सांगू? मी दवाखान्यात होते तेव्हा यांनी त्या यंत्राची लेकरासारखी निगा राखली. रोज पुसायचे म्हणे. आता सारखे त्या गोळीकडे बघतात. गोळी दोनवर आहे म्हटलं की चेहरा उजळतो. विचारतात, "बरं वाटतंय ना?" मी म्हणते, "हो, बरंच बरं वाटतंय." एवढ्या एका होकारावर त्यांना जेवण जातं. ते काढून घेऊ का मी?

तू पाय सांभाळ. मला उत्तर पाठवू नकोस, पत्रं तेच फोडतात.

अक्का


ठाणे,
२८ सप्टेंबर १९९१

ती. दाजी, सा. न.

पडल्या पडल्या आपली जुनी पत्रे पुन्हा वाचत होतो. जुलैच्या पत्रातला यंत्राविषयीचा मजकूर मी आज पहिल्यांदा नीट वाचला, आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. पावसाळ्यात यंत्र किती काळ बंद होते? हवेचे तोंड सर्व दिवस उघडेच होते का?

मी मे महिन्यात एक गोष्ट सांगायला विसरलो. नायट्रोजनला पाटावर बसवायला दाब लागतो, म्हणूनच दाब सोडला की तो उठतो. पाण्याच्या वाफेचे तसे नाही. तिला गर्दीची गरजच नसते. हवेत जराशी ओल असली तरी ती येते आणि एकेक करून सगळे पाट धरते. यंत्राने दाब सोडला तरी ती उठत नाही. तिला उठवायचे तर दाणे काढून भट्टीत तापवावे लागतात, आणि ते आपल्याकडे होण्यासारखे नाही. यंत्र रोज चालू असते तेव्हा ही ओल आत शिरण्याआधीच बरीचशी बाहेर फेकली जाते. बंद पडलेल्या यंत्राला ते जमत नाही.

दाणे ओले झाले असतील तर नळीतून साधी हवा येत असेल, आणि तरीही गोळी दोनवर तरंगेल. गोळी हवा किती वाहते ते सांगते, कसली वाहते ते सांगत नाही.

कृपा करून एक परीक्षा घ्या. अक्कापासून दूर, स्वयंपाकघरात, पेटती ज्योत विझवून उदबत्तीचे नुसते निखारलेले टोक नळीच्या हवेत धरून पाहा. प्राणवायू असेल तर ते भडकून पेट घेईल.

आपला,
उत्तम


डोंबिवली (पूर्व),
२ ऑक्टोबर १९९१

चि. उत्तम यास, आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा सूर मला अनपेक्षित होता. मी यंत्र जे ठेवले ते तुझ्याच लेखी शब्दाप्रमाणे ठेवले. "ही विश्रांती म्हणजे या यंत्राचा प्राण" हे वाक्य तुझे आहे, पत्र माझ्यासमोर आहे. ओलीविषयी त्यात एक अक्षरही नाही.

तथापि परीक्षा घेतली. नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरताच तिचे टोक लालभडक झाले. मी तीनदा करून पाहिले. सबब यंत्र निर्दोष आहे. मालनलाही त्याने आराम पडतो, असे ती स्वतः मला दिवसातून अनेकदा सांगते. रुग्णाच्या साक्षीहून मोठा पुरावा कोणता?

तुझ्या पायाच्या दुखण्यामुळे मन काळजीकडे झुकत असावे. विश्रांती घे.

श्रीपाद


ठाणे,
५ ऑक्टोबर १९९१

ती. दाजी, सा. न.

रागवा, पण हे पत्र वाचून होताच उठा. फुंकणीने चुलीतला निखारासुद्धा लाल होतो. नळीतून येणारा वाराच उदबत्तीला फुलवत असणार. परीक्षा कशी घ्यावी हे मी अर्धवट लिहिले, जसे मे महिन्यातही अर्धवट लिहिले. शब्द माझे होते, आपण म्हणता ते खरे आहे. वर्गात शिकवताना उदाहरण रंगले की मी पुढचे सांगायचे विसरतो. तिथे त्याने कोणाचे बिघडत नाही.

काचेची रिकामी बाटली घ्या. नळीचे टोक तिच्या तळापर्यंत सोडून बाटली हवेने नीट भरू द्या. मग नळी काढा, यंत्र बंद करा आणि निखारलेली उदबत्ती बाटलीत सोडा. आत वारा नसेल. भडकली तर मी आपल्या पायांवर डोके ठेवून क्षमा मागेन.

निकाल काहीही लागो, सिलिंडर आजच आणा. हिला खालच्या फोनवरून आपल्या औषधाच्या दुकानात तसा निरोप द्यायला पाठवले आहे.

आपला,
उत्तम


डोंबिवली (पूर्व),
९ ऑक्टोबर १९९१

चि. उत्तम यास,

निरोप मिळाला, मागोमाग पत्रही मिळाले.

सरबताच्या बाटलीत परीक्षा घेतली. उदबत्ती आत गेल्यावर टोक लाल झाले नाही. राखाडी होत गेले. मी बाटली पुन्हा भरली, पुन्हा तेच. मालनने आतून विचारले, "पूजा एवढ्यात कसली हो?" मी म्हटले, "डास झालेत."

त्याच दुपारी कल्याणहून सिलिंडर आणवला. गुणाजी म्हणून तुमच्या ठाण्याकडच्या बाळकुमचा एक परिचित आहे, त्याने आणि त्याच्या भावाने तो तीन जिने चढवला. डॉक्टरही येऊन गेले. पायाची सूज फुप्फुसांची नाही, हृदयाची आहे असे ते म्हणाले. इतके आठवडे अपुऱ्या प्राणवायूवर हृदयाने ओढ काढली, आता ते मागे फिरण्यापलीकडे गेले आहे. मला त्यांनी जिन्यात नेऊन मुदत सांगितली. ती मी लिहीत नाही.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. मालनला यातले काही कळू देऊ नकोस. त्या यंत्रावर तिचा फार विश्वास आहे, त्याचाच तिला आधार आहे. म्हणून सिलिंडर मी गॅलरीत पडद्याआड उभा केला आहे आणि त्याची नळी यंत्राच्या मागून आणून तिच्या नळीला जोडली आहे. यंत्र पुढे चालूच ठेवतो. इतके दिवस तिने साधी हवा घेतली, आणि ती माझ्या व्यवस्थेमुळे घेतली, हे तिला शेवटी कशाला कळावे?

हेमाला तार केली आहे.

श्रीपाद


ठाणे,
१२ ऑक्टोबर १९९१

ती. दाजी, सा. न.

आपले मागणे मी मानू शकत नाही. त्यापायी मला अक्काला दिलेला शब्द मोडावा लागतो आहे.

तिला ठाऊक आहे. गणपतीत घरी आली त्याच दिवसापासून ठाऊक आहे. तिने मला कळवले होते आणि आपल्याला सांगू नको म्हणून बजावले होते, कारण तिच्या होकारावर आपल्याला जेवण जाते. मी तिचा मान राखायला म्हणून आपल्याला आडून आडून लिहिले. त्या आड लिहिण्यात एक आठवडा गेला. तो माझ्या खात्यावर राहील.

आपण तिच्यासाठी पडदा लावला आहे, ती आपल्यासाठी हसते आहे. मध्ये एक यंत्र फुकट चालले आहे. दाजी, ते बंद करा आणि तिला विचारा. तिच्या तोंडाकडे पाहून विचारा, आणि ती "बरं आहे" म्हणाली तर पुन्हा विचारा.

आपला,
उत्तम


डोंबिवली (पूर्व),
१७ ऑक्टोबर १९९१

चि. उत्तम यास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी दोनदा बाजारात जाऊन काहीही न आणता परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद केले.

मालन म्हणाली, "वीज गेली का?"

मी म्हटले, "नाही. मी बंद केलं. प्राणवायू त्यातून येतच नाही."

ती म्हणाली, "गॅलरीतल्या सिलिंडरमधून येतो. पडदा वाऱ्याने उडतो हो." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "गेल्या आठवड्यापासून नखं बरी दिसतात, तेव्हाच समजलं."

मी विचारले, "आधीपासून ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात, बरं वाटतंय ना? नाही म्हणायला जागा ठेवायचात कुठं?"

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की प्रश्न अचूक विचारावा. मी तिला प्रश्नाबरोबर उत्तरही हातात देत होतो आणि तेच परत घेऊन मोजत होतो. यंत्र ओलीने बिघडले, ते अज्ञानाने घडले. त्यानंतरचे आठवडे मात्र अज्ञानाने गेले नाहीत. ती समोर बसलेली होती.

तिने विचारले, "आता मी बरं नाही म्हटलं तर चालेल?"

मी म्हटले, "चालेल."

मग ती बोलली. छातीत काय होते, पाय किती जड झाले आहेत, कुशीवर वळताना जीव कसा घाबरतो, अंघोळीची भीती का वाटते, सगळे सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. केशरबाईंना भाजीचे भाव सांगते त्या सुरात. दोन-तीन शब्दांनी थांबत होती. मधूनच मला म्हणाली, "लिहून नका घेऊ, नुसतं ऐका." मी काही लिहून घेत नव्हतो, पण माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता, ते तिने पाहिले.

सांगून झाल्यावर तिने डोळे मिटले. मला वाटले, झोप लागली. तशीच डोळे मिटून म्हणाली, "जिन्यात डॉक्टर काय म्हणाले?"

मी सवयीने उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. नंतर ती सोडून दिली आणि डॉक्टर जे म्हणाले होते तेच सांगितले, की दिवाळी गाठणे कठीण आहे.

ती रडली नाही. मी रडलो, तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात गार होता. काही वेळाने म्हणाली, "मग उत्तमला प्लास्टर निघायची वाट बघू नको म्हणावं. माणसं लावून आणा त्याला. तीन जिने काय, सिलिंडर चढला तर तो चढेल."

गुणाजी आणि त्याचा भाऊ रविवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येतील. त्यांना तुझा पाय कसा आहे ते मी समजावून सांगितले आहे.

ये.

तुझा,
श्रीपाद